सांडव्याअलीकडची गाडी

माझी गाडी जमिनीपासून किती उंच आहे हे मी मुठीनं मोजते. पुढच्या बंपरखाली माझी मूठ आडवी जायची, उभी जायची नाही. नागपुरात लोक आधी मायलेज विचारतात, मग किंमत विचारतात, आणि मग जरा जवळ येऊन, "मॅडम, ही ब्रेकरवर घासत नाही का?" घासते. "घासते हो, तुमचं काय जातं?" असं मी अजून कोणाला तोंडावर म्हटलेलं नाही, पण मनात रोज म्हणते. ब्रेकरवर ती तिरकी चढवावी लागते, आधी एक चाक, मग दुसरं, आणि मागच्या रिक्षावाल्याचा हॉर्न सहन करायचा.

मी दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून पाहण्यात माझी पाठ गेली. केस पिकले ते मी रंगवतही नाही. अशा बाईनं दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून बसलेली गाडी घ्यावी याला माझ्या दवाखान्यातल्या मुली "मॅडमचं खूळ" म्हणतात. खूळच आहे. पण आयुष्यात एक तरी खूळ स्वतःच्या पैशाचं असावं असं मला वाटतं.

गाडी मी जुनी घेतली. आधीचा मालक हौशी पोरगा होता. त्यानं कंपनीच्या स्प्रिंगा काढून आट्यांचे सस्पेन्शन बसवले होते. त्यात स्प्रिंगखाली एक कडं असतं. पाना लावून ते वर फिरवलं की गाडी उंच होते, खाली फिरवलं की बसते. घेण्याआधी मी ती एका सस्पेन्शनवाल्याला दाखवली. त्यानं खाली वाकून बॅटरी मारली आणि मला वाटा सांगितल्या. कंपनीच्या स्प्रिंगा परत लावल्या तर गाडी उंच होईल, मऊ होईल, पण वळणावर झुलेल. नुसत्या आखूड स्प्रिंगा मिळतात, त्या लावल्या की गाडी बसली ती बसली, पुन्हा उंच होत नाही. आट्यांचे आहेत तेच ठेवले तर आज खाली, उद्या वर, आपल्या मनासारखं. बटण दाबलं की पुढचं नाक उचलणारी एक चीजही असते म्हणाला. तिची किंमत ऐकल्यावर मी त्याला चहा घेणार का विचारलं.

मी आट्यांचे ठेवले आणि गाडी होती तितकीच खाली राहू दिली. कारण मी ती चालवून पाहिली होती. उंच गाडी वळणावर आधी कलते, मग वळते. ही कलतच नाही. रस्त्याचा प्रत्येक खडा बुडाखाली कळतो, पाठ दुखते, आणि तरीही भंडारा सोडून साकोलीच्या दिशेनं हायवे मोकळा झाला की माझं वय कमी होतं. हे सगळं ज्याला समजावून सांगावं लागलं नाही असा एकच माणूस होता, माझा भाऊ.

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. दिघोरीच्या पुढं, तलावापलीकडे आमची टोली आहे, लहानशी वस्ती. तिथं तो धान लावतो. जवानीत शंकरपटाच्या शर्यतीत तो छकडा हाकायचा. छकडा म्हणजे दोन बैलांमागची नावापुरती गाडी, तिच्यावर जेमतेम एक माणूस चिकटून राहतो. बाबा ओरडायचे, आई नवस बोलायची, हा मंडईतून, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतून, पाठ सोलून यायचा आणि जेवताना हसायचा. आईबाबा गेल्यावर माझं माहेर म्हणजे तोच.

साकोलीला हायवे सोडून लाखांदूरच्या बाजूनं आत वळलं की टोलीपर्यंत रस्ता बरा आहे. फक्त शेवटी तलाव लागतो. तलाव भरला की जादा पाणी निघून जायला पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, टोकाशी सांडवा आहे. गावात त्याला सलंग म्हणतात. रस्ता त्या सांडव्यात उतरतो, दगडांवरून जातो आणि पलीकडे खट्कन वर चढून पाळीला लागतो. ट्रॅक्टर जातो, मोटारसायकल जाते, लग्नाच्या वऱ्हाडाच्या जीपा जातात. माझी गाडी पहिल्याच वेळी तिथं नाक घासून थांबली. तो आवाज ऐकून माझ्याच दाढेत कळ आली. मी गाडी मागं घेतली, अलीकडच्या मोहाच्या झाडाखाली लावली आणि भावाला फोन केला.

तो पाळीवरून चालत आला. आधी माझ्याकडे नाही, गाडीकडे पाहिलं. भोवती एक फेरी मारली.

"हे काय आणलं वो बाई? हिचे पाय कुठं आहेत?"

"आत आहेत."

"बसाचं कसं हिच्यात? का झोपूनच जाचं?"

"झोपल्यासारखंच बसायचं. तुला नाही जमणार."

"पळते का पण?"

"पळते."

"मंग झालं," असं म्हणून त्यानं माझी बॅग उचलली आणि चालायला लागला.

तेव्हापासून ती आमची पद्धत झाली. गाडी मोहाखाली, भाऊ पाळीवर. यायचं ते त्याच्यासोबत चालत, आणि जायचं तेही त्याच्यासोबत चालत. जाताना त्याच्या खांद्यावर तांदळाची चुंगडी असायची. आमच्या घरची रीत आहे की बाहेर दिलेल्या मुलीचा नवा तांदूळ भावानं स्वतः पोचवायचा. माझ्या आत्यांचा तांदूळ बाबांनी बैलगाडीनं अड्याळपर्यंत नेलेला मी पाहिला आहे. भाच्यानं पुष्कळदा म्हटलं, "बाबा, मी मोटारसायकलवर टाकून देतो, दोन मिनिटांचं काम आहे." भाऊ म्हणायचा, "तुले बहीण नाही, तुले काय समजते," आणि चुंगडी खांद्यावर घ्यायचा. चिन्नोर तांदळाचा वास त्याच्या शर्टाला लागलेला असायचा. मी हात लावायला गेले की ओरडायचा.

पाळ काही फार लांब नाही, पण आम्ही ती लांबवायचो. मध्यावर तुडुम आहे, म्हणजे तलावातून खालच्या बांध्यांना, धानाच्या वाफ्यांना, पाणी सोडायची दगडी मोरी. तिथं तो चुंगडी टेकवून खांदा बदलायचा. एका बाजूला पाणी आणि बगळे, दुसऱ्या बाजूला खाली धानाच्या बांध्या, कापणी झाली असली तर त्यांत लाखोळीचं कडधान्य उगवलेलं. वाटेत कोणी भेटलं तर राम राम, नाहीतर आम्ही दोघंच.

हे दोघंच असणं म्हणजे काय हे टोलीतल्या माझ्या घरात एकदा येऊन पाहावं लागेल. मी अंगणात पाऊल टाकलं की वहिनी, भाचा, सून, तिचं पोर, शेजारची काकू, आणि पाठोपाठ अर्धी टोली तोंड उघडून उभी. "डॉक्टरीणबाई, हे दाढ पाहा नं." मी मोबाइलचा उजेड पाडून एकेकाच्या तोंडात पाहते. "काढाची का?" "आता नाही." "मंग कवा?" जेवताना दात, झोपायला टेकले की दात. एका म्हाताऱ्यानं तर कवळी खिशातून काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली होती. मला राग येतो, पण खोटं कशाला, आनंदही होतो. मात्र या गर्दीत भावाशी बोलणं होत नाही. तो बसून बोलतच नाही. बसला की तो घरातला मोठा होतो, खाकरतो, "काय चाललं नागपूरले?" विचारतो आणि उत्तर ऐकून घेत नाही. फोनवर तर विचारूच नका. आवाज थेट नागपूरपर्यंत पोचवायचा आहे अशा थाटात ओरडतो, "बरी आहेस का? बरं! ठेवतो!"

चालायला लागला की मात्र हा माणूस मोकळा व्हायचा. हे मला आधी माहीत नव्हतं. आयुष्यभर एका घरात वाढलो, पण मी लहान आणि तो मोठा, आम्ही सोबत चाललोच नव्हतो कधी. गाडी जमिनीपासून जरा उंच असती तर ते मला कधीच कळलं नसतं.

बैलांची शेवटची जोडी विकली त्याचं त्यानं पाळीवरच सांगितलं. विकून आल्यावर तो रिकाम्या गोठ्यात जाऊन बसला होता. "काही नाही, वास घेत बसलो," म्हणाला. "तुही वहिनी म्हणे, जेवाले चला. मी म्हटलं, आलो. आणि बसूनच राहिलो." आई त्याच्या स्वप्नात येते हेही तिथंच. चुलीपुढं पाठमोरी बसलेली असते, हाक मारली तर ओ देते, पण वळत नाही. "काहून वळत नसन वो ते?" असं त्यानं मला विचारलं, अगदी लहान पोरानं विचारावं तसं.  

आणि माझंही तिथंच. मी नवऱ्यापासून वेगळी राहणार आहे हे जगात सगळ्यांत आधी मी भावाला सांगितलं, जाताना, तुडुमाच्या जरा पुढं. किती दिवस मनात जुळवत होते. तोंडातून मात्र एकाच दमात निघालं. तो थांबला. चुंगडी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. मला वाटलं आता ओरडेल, किंवा लोक काय म्हणतील ते सांगेल.

"गाडी कोणाच्या नावावर आहे?" त्यानं विचारलं.

"माझ्या."

"मंग ठीक आहे," म्हणाला आणि पुढं चालू लागला. थोडं गेल्यावर मागं न पाहता म्हणाला, "तांदूळ पुरन नं तुले? आता एकटीच आहेस त जास्त होईन म्हणून कमी नको नेऊ."

डिकीत त्यानं चुंगडी ठेवली की गाडीचं ढुंगण दोन बोटं खाली बसायचं. तो दर वेळी खाली वाकून पाहायचा आणि म्हणायचा, "बसली." मग मी निघायचे. आरशात तो मोहाखाली दिसत राहायचा, हात न हलवता. हात हलवणं आमच्याकडे नाही.

गेल्या वर्षी, धान निसवायच्या, लोंब्या धरायच्या दिवसांत, भाच्याचा फोन आला. भाऊ घरात नसताना त्यानं केला होता.

"आत्या, बाबाचा उजवा गुडघा गेला आहे. डॉक्टर म्हणे, चालणं कमी करा, वजन उचलू नका. पण तू येणार म्हटलं का ते पाळीवर चाललेच. ऐकत नाहीत कोणाचं. तू गाडी घरापर्यंत आण नं. काही होते का?"

काही होतं का म्हणजे? होत होतं की! तो फोन ठेवल्यावर मी स्वतःवर चिडले होते. आट्यांचे सस्पेन्शन घालून बसले आहे आणि त्याच्या गुडघ्यावर माझं खूळ चालवते आहे, असं मला वाटलं. त्याच आठवड्यात गाडी सस्पेन्शनवाल्याकडे नेली.

"उंच करा," मी म्हटलं.

त्याला वाईट वाटलं बिचाऱ्याला. "मॅडम, इतकी मस्त सेट आहे. वर घेतली तर वळणावर अंग टाकेल. कुठं जायचं आहे?"

"माहेरी."

मग त्यानं पाना घेतला. चारही कडी फिरवली, चाकांची दिशा पुन्हा लावून दिली. गाडी चार बोटं वर आली. पाणी साचलेल्या गल्लीतून धोतर वर धरून निघालेल्या माणसासारखी ती मला दिसली. बंपरखाली मूठ उभी गेली, वर जागा उरली. परतताना चालवून पाहिली तर वळणावर ती खरंच कलली. मला काही वाटलं नाही. मी मनात भावाचा चेहरा पाहत होते. आता घासणं नाही, थांबणं नाही, थेट अंगणात. न सांगता जायचं ठरवलं होतं, पण राहवलं नाही, नुसतं येते म्हणून कळवलं.

सांडवा आला. मी पहिल्यांदा गाडी आत उतरवली. दगड चाकांखाली हलले, पुढचं नाक वर आलं, आणि कुठंही न लागता गाडी पाळीवर चढली. मी एकटीच गाडीत ओरडले. पाळीवरून जाताना एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला धान नुसतं सरकून गेलं. तुडुम कधी मागं पडलं ते कळलंही नाही.

अंगणात पोचले तर पोरं टाळ्या वाजवत होती. भाचा खुश, वहिनी हातातलं काम टाकून बाहेर आली. भाऊ ओसरीच्या पायरीशी उभा होता. धुतलेला शर्ट घातलेला, खांद्यावर दुपट्टा, पायांत चपला. तो मला घ्यायला निघालेला होता.

"चढली का?" त्यानं विचारलं.

"चढली! चार बोटं उंच केली भाऊ, तुझ्यासाठी. आता तुला यायचं काम नाही."

त्यानं वाकून गाडीखाली पाहिलं. गुडघा धरून वाकला, तरी वाकला. "बरं झालं," म्हणाला. मग पायरीवर टेकून चपला काढल्या, भिंतीशी ठेवल्या आणि आत जाऊन खुर्चीवर बसला. खाकरला. "काय चाललं नागपूरले?" त्यानं विचारलं, आणि तेवढ्यात शेजारची काकू तोंड उघडून माझ्यापुढं आली.

भाचा म्हणाला, "बाबा, आता बसून पाहा हिच्यात. उंच झाली." त्यानं दार उघडून प्रयत्न केला. सीट तरीही जमिनीलगतच, गुडघा वाकेना. एक पाय आत, एक बाहेर असा तो अडकला. सगळे हसले, तोही हसला. दोघांनी धरून त्याला उभं केलं. मी हसले नाही.

निघताना भाच्यानं चुंगडी एका हातानं डिकीत टाकली. भाऊ जवळ आला, चुंगडीवर नुसता हात ठेवला, दोनदा थोपटलं आणि मागं सरला. "जा मंग. हळू जाजो." इंजिन चालू होतं, पोरं खिडकीशी होती, सून पिशवीत सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या कोंबत होती. दोन मिनिटांत निरोप संपला. पाळीवरून मी एकटी आले. सांडवा ओलांडून मोहापाशी गाडी थांबवली आणि रडले. कशासाठी रडते आहे ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. गाडी अगदी छान चढली होती, त्यात काही चुकलं नव्हतं.

त्यानंतर मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा थेट अंगणात. लोकांना सोयीचं झालं, कारण आता डॉक्टरीणबाई गाडीसकट दाराशी येते. दुसऱ्या वेळी सून चहा देताना सहज म्हणाली, "आता मामंजी शेतात जात नाहीत. सगळं यांच्यावरच सोपवलं. यंदा रोवणीलेही बांधीत उतरले नाहीत." मी कप तसाच धरून बसले. भाऊ रोवणीला, धानाची रोपं लावायला, बांधीत उतरला नाही. जो माणूस ताप अंगावर घेऊन रोपांचे पऱ्हे उपटायला जायचा, त्यानं शेती सोडली आणि मला ते चहासोबत कळलं, पाहुणीला कळावं तसं. तो समोरच खुर्चीवर बसला होता. माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे पाहायला लागला.

नागपुरात आल्यावर मला त्या पाळीची ओढ लागली. दुसरा शब्द नाही त्याला. दवाखान्यात कोणाच्या तोंडात ड्रिल चालू असताना मला चुंगडीखालून येणारा त्याचा श्वास ऐकू यायचा. गाडी वळणावर कलली की वाटायचं, हे माझ्या हातानं केलं. रात्री जेवायला चिन्नोरचा भात वाढून घेतला की वास तोच यायचा, पण तो बरोबर चालत आलेला नसायचा. त्याच्याजवळ अजून किती गोष्टी असतील! शेती सोडताना त्याला काय वाटलं? आई अजून स्वप्नात येते का? वळली का एकदा तरी? मला एवढंच हवं होतं की त्यानं ते मला सांगावं, आणि ते सांगायची जागा मी चार बोटांनी घालवली होती. गाडी पुन्हा खाली करून घ्यावी असं कितीदा मनात आलं. पण गाडी खाली झाली तर तो चालणार, आणि चालला तर गुडघा. सस्पेन्शनवाल्याकडे याला वाट नव्हती.

यंदा दिवाळीनंतर नवा तांदूळ निघाला. वहिनीनं बोलावलं. मी निघाले, साकोलीला वळले, सांडव्यापर्यंत आले. गाडी आरामात चढली असती. मी ती मोहाखाली नेऊन लावली आणि इंजिन बंद केलं. काय करते आहे हे मला नीट माहीत होतं आणि लाजही वाटत होती. फोन लावला.

"भाऊ, गाडी अडली."

"कुठं?" तो ओरडला.

"सलंगापाशी."

या वेळी त्यानं लगेच फोन ठेवला नाही. मागं घरातले आवाज येत होते, पोराचं रडणं, भांडी. मग तो हळू आवाजात म्हणाला, आणि त्याला हळू बोलता येतं हे मला तेव्हाच कळलं, "उंच केली होती नं?"

"खाली बसली."

"असं का," तो म्हणाला. "थांब तिथंच. येतो."

मी थांबले नाही. बॅग खांद्यावर टाकली, सांडव्यातल्या दगडांवरून उतरले, पाळीवर चढले आणि त्याच्या दिशेनं जवळजवळ पळत निघाले. त्यानं फार चालू नये, माझ्या वाट्याची पाळ जास्त व्हावी, एवढंच डोक्यात होतं. तो दुरून दिसला. काठी टेकत, थांबत, पुन्हा टेकत येत होता. मागून मोटारसायकल नव्हती, कोणी नव्हतं. तुडुमापाशी आम्ही भेटलो.

"पोराच्या गाडीवर मागं बसून यायचं नं!" मी ओरडलेच.

"तो म्हणे, सोडतो. मी म्हटलं, काही गरज नाही." त्याला दम लागला होता. काखेत एक कापडी थैली होती. ती त्यानं माझ्या हातात दिली. "चुंगडी नाही झाली वो माझ्यानं. पायलीभर आहे. बाकीचं पोरगा आणन."

आम्ही तुडुमाच्या दगडांवर बसलो. तो गुडघा सरळ करून बसला. बसून तो बोलत नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी थैली मांडीवर घेऊन पाण्याकडे पाहत राहिले. पाण्यावर बगळे होते. खालच्या बांध्यांत धान कापून झालं होतं, आणि तो बराच वेळ तिकडंच पाहत होता.

"शेती पोराकडं दिली," तो म्हणाला. "तुले सांगाचं होतं. पण कवा सांगू? तू येते, दात पाहते, जाते."

"माझंच चुकलं."

"तुहं नाही काही. गाडी चढाले लागली, त्याले कोण काय करन?" मग पाण्याकडे पाहत म्हणाला, "रोवणीच्या दिवशी मी इथंच येऊन बसलो होतो. बाया बांधीत गाणं म्हणून राहिल्या होत्या. मले वाटलं कोणी तरी हाक मारन. कोणी नाही मारली. चांगलंच झालं म्हणा, उतरलो असतो त मले बाहेर काढाले माणसं लागली असती."

मी त्याचा हात धरला. आमच्याकडे तेही नाही, पण धरला. त्यानं तो काढून घेतला नाही.

त्याच्या खिशातला फोन वाजला. भाच्याचा आवाज मला शेजारी बसून स्पष्ट ऐकू येत होता. "बाबा, काय झालं? मागच्या वेळी त चढली होती गाडी. मी येऊ का, काढून आणतो."

"नाही रे," भाऊ आपल्या नेहमीच्या आवाजात ओरडला. "नाही चढत ते. खाली बसली आहे. त्याची बनावटच तशी आहे, तुले नाही समजाचं. येतो आम्ही हळूहळू." आणि फोन बंद करून खिशात टाकला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पलीकडे पाहत होता, पाळीच्या टोकाशी, मोहाच्या झाडाकडे. झाडाखाली माझी गाडी चार बोटं उंच, चारही चाकांवर ताठ उभी होती. अख्ख्या टोलीला दिसावी अशी.

"बाई," तो म्हणाला, "पुढच्या वेळी झाडाच्या तिकडल्या बाजूनं ठेवजो. इकडून पोराले दिसते."